आपलंच शेत

शिवथरच्या श्रुतिकाने मराठी पत्ते वाचणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि कुणीही फुकट वापरा, कुणीही सुधारा म्हणून इंटरनेटवर मोकळा सोडला. एका बड्या कंपनीने तो आपल्या ॲपमध्ये घातला. पुढे त्याच कंपनीने तिलाही घरबसल्या नोकरी दिली, पण वेगळ्याच कामासाठी. करारात मेख एकच होती: परवानगीशिवाय बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, त्याच्याबद्दल कुठे एक शब्द लिहायचा नाही, मग तो स्वतःचा का असेना.

नव्या फोनांवर तिचा प्रोग्रॅम अडकू लागला. दुरुस्ती दोन ओळींची होती. कंपनीतल्या साहेबांकडे परवानगीचा अर्ज टाकून ती हात बांधून बसली.

"आपल्याच शेतात उतरायला कोणाची परवानगी लागते गो?" पेजेची वाटी पुढे सरकवत गोदूकाकीने विचारलं.

"शेत माझंच हाय काकी. पण मी आता दुसऱ्याकडे कामाला हाय ना."

तेवढ्यात प्रोग्रॅमच्या पानावर चारचौघांत तक्रार झळकली: "हे सांभाळणारं कुणी जिवंत आहे का? आमच्या कंपनीचं काम खोळंबलंय."



खाली नाव तिच्याच साहेबांचं होतं, आणि 'जिवंत आहे' एवढं लिहायलाही त्यांचीच परवानगी लागणार होती.