खालच्या खोलीची हवा

“मुट्टब्याड! हात लावू नको त्याला!”

हेमावतीबाई जिन्यातूनच ओरडल्या. खालच्या खोलीत हवा तपासायला आलेली वनिता ओणवी होऊन भिंतीजवळ दहा दिवस ठेवलेलं लहानसं यंत्र उचलत होती. वरच्या काठीवरून लोंबणारा ओल्या नऊवारीचा पदर बाजूला सारायला तिनं हात उचलला, तो तसाच राहिला.

“सोवळं आहे,” त्यांची सून दीपश्री म्हणाली. “अत्तेंशिवाय कुणी शिवायचं नाही. पहाटे वाळत घालतात, रात्रीपर्यंत वाळतं. कधी वाळतही नाही.”

“आणि इथं झोपतं कोण?”

“मी.” एवढं बोलून ती खोकली. मग खोकतच राहिली.

केलगेरीच्या तळ्याकडं उतरत गेलेली जागा. रस्त्यावरून घर एकमजली दिसे. मागं गेलं की खाली ही एक खोली होती, तीन बाजूंनी मातीत रुतलेली. चार महिन्यांपूर्वी दीपश्रीला खोकला लागला, तेव्हा सासूनं तिची गादी इथं आणवली. पोरीला लागू नये म्हणून. तेव्हापासून चार वर्षांची मधुवंती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसे, आई खालच्या पायरीवर. मधे तेरा पायऱ्या. मायलेकींना तेरा गावं वाटत.

आज दुपारी दीपश्रीचे वडील, दत्तात्रेय, तिला माहेरी कलघटगीला न्यायला येणार होते. मधुवंती मात्र इथंच राहणार होती. असं ठरलं होतं. ठरवलं कुणी, ते या घरात विचारत नसत.

वनितानं दहा दिवसांचे आकडे वहीत उतरवले. पाठीमागं दीपश्रीचा नवरा सुधींद्र येऊन उभा राहिला होता.

“हवेत ओल पंच्याऐंशी टक्के. साठच्या आत पाहिजे. गादीमागं भिंत बघा, काळी बुरशी चढलीय. यांचा खोकला हटत नाही, तो त्यामुळंच असणार.” तिनं पायाखालची फरशी दाखवली. कोपऱ्यातून एक भेग खोलीच्या मधोमध आली होती. “दुसरं म्हणजे रेडॉन. दगडामातीतून वर येणारा वायू. वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साचून राहतो. तीनशे बेकरेलच्या आत पाहिजे, इथं चारशे दहा आहे. हा खोकवत नाही, सर. गपचूप फुप्फुसात बसतो. वर्षांनी कळतो.”

“हवा मोजायला माणसं यायला लागली!” हेमावतीबाई हसल्या. “उद्या उन्हाला तराजू लावा. या खोलीत माझं सोवळं वाळतं गं, इथं कसला दोष? दोष हिच्या छातीत आहे. माहेराहून आणलाय.”

“आज्जी, मी घाण आहे म्हणत नाही. हवा—”

“तू गप गं.”

दीपश्रीनं पदरानं तोंड पुसलं. ताकात मीठ घालू का म्हणून विचारावं, तशा आवाजात ती म्हणाली, “मग अत्ते, महिनाभर तुम्हीच झोपा ना इथं. मी वर झोपते, मधूजवळ. तुम्ही नाही खोकलात, तर मी होऊन बस धरते. मधूला ठेवून.”

“दीपश्री!” सुधींद्र म्हणाला.

“तू थांब रे.” हेमावतीबाईंचे डोळे चमकले. “महिना कशाला? दोन महिने झोपते. सगळ्या केलगेरीला कळू दे, खोटं कोण ते.”

वनितानं दीपश्रीला दाराशी ओढलं. “ताई, हे काय? त्यांचं वय बघा. सोपं आहे हो सगळं. कपडे गच्चीवर वाळवा, खिडकी उघडी ठेवा, भेग बुजवा, एक पंखा बसवा. आठ दिवसांत आकडा उतरेल. सगळं लिहून दिलंय.”

दीपश्रीनं कागद घेतला. चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

दुपारी दत्तात्रेय आले, जेवले, आणि लेकीवाचून बसस्टँडकडं निघाले. “महिनाभर थांबा, अण्णा,” एवढंच ती त्यांना म्हणाली.

मग तिनं खालची खोली झाडली. सासूसाठी नवी गादी घातली, धुतलेली चादर पसरली, सुरकुती राहू दिली नाही. लेकीची पाठवणी करावी इतक्या मायेनं तिनं ती खोली सजवली. उशी पूर्वेला ठेवली, शास्त्राप्रमाणं. भेग पूर्वेलाच होती.

“अगं, आई आहे ती,” सुधींद्र दारातून म्हणाला.

“मीही आईच आहे.”

 तो आईला वर चल म्हणाला नाही, बायकोला थांब म्हणाला नाही. त्याची पावलं जिन्यावर वाजली.

दिवेलागणीला हेमावतीबाई गादीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. वर काठीला सोवळं तसंच ओलं होतं. एक थेंब चादरीवर पडला.

“कोंदट वाटतंय जरा,” त्या म्हणाल्या. “खिडकी उघड बघू, बोटभर.”

“नको, अत्ते. शेजाऱ्यांच्या दोरीवरचं काही उडून आलं आणि सोवळ्याला शिवलं तर?”

हेमावतीबाईंनी वर पाहिलं. काठीकडं, मग सुनेकडं.  पण सोवळ्यापुढं त्यांचं स्वतःचंही चालत नव्हतं. त्या माळ ओढू लागल्या.

दीपश्रीनं त्यांच्यासमोर समई ठेवली, वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. रोजच्या सवयीनं त्यांचा हात तिच्या केसांवर आला.

“औक्षवंत हो.”

“होईन, अत्ते,” दीपश्री म्हणाली आणि बाहेर येऊन तिनं दार घट्ट ओढून घेतलं.