गालावरचा रंग

जाड्याच्या पेस्टल चित्रांचं सातवं प्रदर्शन भरलं आणि त्याच्या जुन्या वर्गमित्राच्या पोटात पुन्हा दुखू लागलं. दोघंही तीस वर्षं खडूनं माणसंच काढत आलेले. पण गेल्या वर्षभरात जाड्यानं काढलेल्या चेहऱ्यांच्या गालांत रक्त खेळू लागलं होतं आणि यानं काढलेले चेहरे अजूनही पिठाच्या डब्यातून नुकतेच बाहेर आल्यासारखे दिसायचे.

या वेळी तो चष्मा काचेला टेकेपर्यंत चित्राजवळ गेला, आणि जाड्याची चोरी त्याला सापडली. गालावरचा रंग एका बारीक बोटानं हलकेच पसरवलेला होता. जाड्याचं एकेक बोट म्हणजे केळं!

घरी येताच त्यानं बायकोला गाठलं. "अगं, रंग घोटायला त्यानं कुणीतरी ठेवलंय. रेघा तेवढ्या त्याच्या, सगळा जीव त्या बोटाचा. ते माणूस शोधून काढतो आणि हातापाया पडून आपल्याकडे आणतो."

बायकोनं हातातला टॉवेल शांतपणे घडी करून ठेवला.



"शोधायला कशाला जाता? वर्षभर दुपारची मी भावजींकडेच कामाला जाते. तुमच्या चित्राला तुम्ही मला कधी बोट लावू दिलंत?"