गॅलरीखालच्या खोलीतून

“मार्नी, प्रक्षेपण पुन्हा गचके खातंय!” बर्फाच्या रिंकचा मॅनेजर डेल दारातूनच ओरडला. “वृद्धाश्रमातून फोन आलाय. ब्रिन उडी मारते आणि हवेतच थांबते म्हणे!”

गॅलरीखालच्या खोलीत, झाडू-बादल्यांच्या शेजारी, मार्नी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. डोक्यावर हजारभर लोक पाय आपटत होते. ब्रिन तिची लेक, शाळेच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर. आज तिचा घरच्या बर्फावरचा शेवटचा सामना. आणि चार वर्षांत आईने तिला एकदासुद्धा गोल अडवताना पाहिलं नव्हतं! शाळेचं नेटवर्क सांभाळणारी मार्नी एकटीच. सामना सुरू झाला की थेट प्रक्षेपण धापा टाकायला लागायचं आणि ती इथे डांबली जायची. तिच्या स्क्रीनवर चित्रही नसायचं, नुसत्या वरखाली होणाऱ्या रेषा. वरून आरोळी आली की समजायचं, काहीतरी झालं.

“आज हे दुखणं मी कायमचं मिटवते,” ती म्हणाली. “मध्यंतर किती उरलंय?”

“बर्फ घासायची गाडी आत्ताच आत गेली. पण भर सामन्यात स्विचला हात लावणार? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“डेल, मला माझी पोरगी बघायचीय. ह्या डोळ्यांनी.”

डेल आत येऊन तिच्या मागे उभा राहिला.

दुखणं साधंच होतं. कॅमेरा आणि हजार लोकांचे फोन, सगळे नेटवर्कच्या एकाच स्विचवर, म्हणजे वायरी जोडायच्या एकाच डब्यावर, एकाच गर्दीत. लोक व्हिडिओ पाठवायला लागले की कॅमेऱ्याचा जीव गुदमरायचा. मार्नीने त्याच स्विचच्या पोटात दोन वेगळी घरं केली. दहा नंबर कॅमेऱ्याचं, वीस नंबर पब्लिकचं. वायरी त्याच, पण आता ह्या घरातला गोंगाट त्या घरात जायचा नाही. शिवाय बाहेर पडताना पहिला मान कॅमेऱ्याचा.

उरली बाहेर जाणारी मुख्य वायर. दोन्ही घरांची ये-जा तिच्यावरूनच. दहाला परवानगी देऊन झाली होती. मार्नीने वीस लिहिलं, एंटर दाबलं, आणि कॅमेऱ्याची रेषा धाडकन तळाला!

“अगं बाई, काय केलंस? सगळं काळंठिक्कर!” डेलच्या खिशात फोन वाजत होता, हातातला वेगळाच वाजत होता.

मार्नीने ओळ पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘जोड’ हा शब्दच राहिला होता! तो राहिला की स्विच आधीचे नंबर पुसतो आणि नवा तेवढा ठेवतो. नेटवर्कवाल्यांत ही चूक न केलेला माणूस शोधून सापडायचा नाही, पण ती करायला हाच मुहूर्त मिळाला होता! तिने दोन्ही नंबर पुन्हा टाकले.

रेषा उठली. वर गेली. आणि तिथेच सरळ राहिली. वर लोकांनी फोन बाहेर काढले, पब्लिकची रेषा वेड्यासारखी नाचायला लागली, तरी कॅमेऱ्याची जागची हलली नाही.

“चाललं! कसलं गुळगुळीत चाललंय!” डेल नाचायला लागला. “सेव्ह कर आणि पळ बये, पळ!”

मार्नी पळाली. बर्फाभोवतीच्या काचेपाशी पोचली तेव्हा शेवटचं सत्र रंगात आलं होतं. आणि तिने पाहिलं. ही एवढीशी पोर! आडवी काय पडते, पाय काय फेकते, रबरी चकती अलगद हातमोज्यात काय झेलते! शेवटच्या क्षणी समोरची धिप्पाड मुलगी एकटीच अंगावर चालून आली. ब्रिन हलली नाही. मग एकदम झेपावली. अडवला! भोंगा वाजला. सामना जिंकला! मार्नी ओरडून ओरडून घोगरी झाली.

बर्फावर मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्या ढिगातून ब्रिन बाहेर निघाली, शिरस्त्राण काढलं आणि मार्नीकडे पाठ करून थेट पलीकडच्या टोकाला कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात हलवत काहीतरी बोलायला लागली.

“दर सामन्यानंतर हेच करते,” शेजारचे म्हातारेबुवा म्हणाले. ते लांबच्या गावाहून आले होते. “आम्ही घरी बघतो ना. आवाज येत नाही, पण ओठांवरून कळतं. ‘आई, बघितलंस ना?’ म्हणते. बिचारीची आई अंथरुणाला खिळलेली असेल.”

मार्नी दोन्ही मुठी काचेवर आपटत किंचाळत सुटली, “बघितलं गं! आज बघितलं!”