नवख्या हातची बंदूक

"नवख्या माणसाला ही चालेल ना हो?" शेवंतीकाकूंनी दुकानदाराला विचारलं. आगरात रानडुकरं शिरायची, म्हणून शेतराखणीचा परवाना काढला होता. बंदूक मात्र त्यांनी जन्मात हाती धरली नव्हती.

"चालेल की! हलकी आहे, सुटी होते. नळी एकीकडे ठेवा, दस्ता दुसरीकडे. चोराला एक तुकडा सापडला तरी त्याचा काही उपयोग नाही. जोडताना 'कट्' वाजलं की बसली समजा." काकूंच्या हातून ती पाचव्या खेपेला कशीबशी बसली. "जागा तेवढ्या कुणाला सांगू नका," त्याने बजावलं.

"सांगायला घरात आहे कोण?" काकू हसल्या.

पण घरात नवी वस्तू आली की आगराच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही जुनी सवय. त्याच्या दगडापुढे नारळ ठेवून त्यांनी हात जोडले. "बा म्हाराजा, नळी तांदळाच्या पिंपात आसा, दस्तो माळ्यार लाकडांत. माका काय ह्या जमाचा नाय. तूच सांभाळ."

आठवड्याने, ऐन तिन्हीसांजेला, आगरात सुक्या झावळ्या मोडल्याचा आवाज आला. डुकरं! काकूंनी पिंपात कोपरापर्यंत हात घातला. नुसते तांदूळ. धावत माळ्यावर चढल्या. लाकडं होती तशीच रचलेली, दस्ता नव्हता. आणि दाराला तर आतून कडी होती.

तेवढ्यात बाहेर, राखणदाराच्या दगडाकडून, 'कट्' वाजलं.

पहिल्याच खेपेला. हात नवखा नव्हता.