चरबीला जागा नाही

डॉक्टर नदाफांनी केतकीच्या यकृताचं चित्र पडद्यावर लावलं. चरबीने ते पार सुजलं होतं. खाटेवरची एकोणीस वर्षांची केतकी मात्र वेताच्या छडीसारखी सडसडीत होती.

"पण हिला लस दिलीय ना? अंगावर चरबी चढूच नये म्हणून?" तिच्या आईने, इंदुमतीबाईंनी विचारलं.

"तिथंच घात झाला. लसीने कातडीखालची साठवणीची जागाच मोडली. मग खाल्लेलं तूपतेल जाणार कुठं? ते यकृतात साचतंय, हृदयात साचतंय. या महिन्यातली ही अकरावी मुलगी."

इंदुमतीबाईंनी आपलं सुटलेलं पोट दोन्ही हातांनी धरलं. "मग माझी चरबी काढा नि हिला लावा. माझ्याकडे भरपूर आहे."

"टिकणार नाही, ताई. चरबीची पेशी दिसली की हिचं शरीर ती मारून टाकतं. लसीचा असर जन्मभराचा आहे. त्यावर उतारा अजून कुणालाच सापडलेला नाही."

सातवीत मुली 'ढब्बी' म्हणून चिडवायच्या, तेव्हा केतकी चार दिवस जेवली नव्हती. पाचव्या दिवशी इंदुमतीबाईंनीच लसीच्या संमतीपत्रावर सही केली होती.

"आई, भूक लागलीय गं," केतकी कळवळून म्हणाली. तासाभरापूर्वीच ती जेवली होती; पण पोट भरल्याचा निरोप मेंदूला धाडणारी चरबीच तिच्या अंगात उरली नव्हती.

"थांब हं बाळा, डॉक्टरांना विचारते," इंदुमतीबाई म्हणाल्या.

डॉक्टर समोरच उभे होते. त्यांनी पडद्यावरच्या यकृताकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली.