अग्रलेखाच्या जागी

"मुलींची शाळा काढली तरी एकही बाप पोरीला पाठवणार नाही," असं नगराध्यक्ष भर सभेत म्हणाले, तेव्हा गावातल्या संपादकांनी आपल्या वर्तमानपत्रात एवढंच छापलं: पाठवणार असाल तर मुलीचं नाव कळवा. आठवड्यात दोनशे चौदा नावं आली. शाळेच्या ठरावावर नगरपालिकेत मतदान त्या दिवशी संध्याकाळी पाचला होतं आणि दुपारी अंक निघायलाच हवा होता. पण नावं मुलींची, निम्म्यांच्या शेवटी वेलांटी. छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारे काका सकाळी अकराच्या सुमाराला हात झटकत आले. "साहेब, वेलांट्या संपल्या. अजून साठ नावं राहिलीत." संपादकांनी जुळवून तयार असलेल्या आपल्या अग्रलेखाकडे बघितलं. आठ दिवस घासूनपुसून लिहिला होता. "हा मोडा," ते म्हणाले, आणि स्वतःच बाह्या सरसावून त्यातल्या वेलांट्यांचे खिळे काढायला बसले. अंक वेळेवर निघाला. नावांखाली एकच ओळ होती: पाच वाजता मुलींना घेऊन सभागृहाबाहेर या. सभेत अध्यक्षांनी अंक नाचवला. "घरबसल्या रचलेली नावं ही," म्हणत त्यांनी खवचटपणे पहिलं नाव वाचलं. उघड्या खिडकीखालून बारीक आवाज आला, "हजर." सभासद चमकले. अध्यक्षांनी घाईने दुसरं वाचलं. "हजर." तिसऱ्या नावाला तर दोघींनी एकदम ओ दिली. अध्यक्षांनी अंक मिटला, तेव्हा प्रेक्षकांच्या मागच्या बाकावरून संपादक उठले आणि आपल्याजवळच्या अंकातून चौथं नाव वाचू लागले. सगळ्यांत म्हातारे सभासद खिडकीशी गेले, खाली वाकून बघितलं आणि वळून म्हणाले, "अध्यक्ष, मतदान घ्या आता. पोरी केव्हाच्या उभ्या आहेत."