सोमाटण्याच्या अलीकडं

राजेश्वरीनं एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी तिसऱ्यांदा केली होती. टाकव्यात सगळे म्हणायचे, पोरगी हुशार आहे, पण दोनदा नापास झाली.

परीक्षेच्या सकाळी तिचे वडील दत्तोबा मोटारसायकल काढून उभे राहिले.

"आबा, मी जाते की बसनं एकटी."

"न्हाई. समर्थ बी एकटाच गेलता."

समर्थ तिचा थोरला भाऊ. पुण्याला जाताना सोमाटणे फाट्यावर ट्रकखाली सापडला होता.

फाटा दिसायला लागला तशी दत्तोबांनी गाडी कडेला घेतली. त्यांना दम लागला होता. ते तिथंच मातीत मटकन बसले. "औंदा तरी जमंल वाटलं हुतं गं, पोरी."

समोरून पुण्याची बस निघून गेली. त्यांना तसं टाकून जाणं तिला याही वर्षी जमलं नाही. तिनं त्यांना पाणी पाजलं आणि पेपरची वेळ टळून जाईपर्यंत त्यांची पाठ चोळत बसली.

संध्याकाळी दोघं घरी आली. आई दारातच उभी होती.

"कसा गेला पेपर?"

"अवघड होता."

"परत?" आईचा आवाज चिरकला. "आज समर्थ असता तर पहिल्याच बारीला पास झाला असता."

दत्तोबा काहीतरी सांगायला पुढं झाले. राजेश्वरीनं त्यांचा हात घट्ट धरला.

"व्हय आई," ती म्हणाली. "झाला असता."